तडजोडीचा दर

माझी सगळी नोकरी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून झाली. निवृत्तीनंतर जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थांच्या यादीवर आले आणि आता तिथं बसते. टेबलापलीकडची माणसं तीच आहेत. फारकत मागणारी, नांदायला तयार आहे म्हणणारी, थकलेल्या पोटगीचा हिशोब वहीत लिहून आणणारी, पोरगी आठवड्यातून एकदा तरी बघू द्या म्हणून हात जोडणारी. बदललं ते पैसे मिळण्याचं गणित. नोकरीत सरकार मला महिन्याचा पगार द्यायचं. आता प्रकरणामागे मानधन मिळतं, आणि तेही तडजोड झाली तर जास्त, फिसकटली तर कमी.

मला लिहायचंय ते या एवढ्याच फरकाबद्दल.

मध्यस्थी फुकट असते असं लोक म्हणतात. पक्षकारांना ती फुकट असते हे खरं, पण पैसे जातातच, आणि ते आपणा सगळ्यांच्या करातून जातात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं देश, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर निधी उभे केले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा त्याआधीचा, १९८४ चा. त्यातल्या कलम ९ प्रमाणे निकालाकडे जाण्याआधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे, आणि कलम ६ प्रमाणे त्यासाठी समुपदेशक नेमणं ही राज्य सरकारची जबाबदारी. पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. महाराष्ट्रानं त्या वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली. समुपदेशक कायम नोकरीत घेतले. त्याचं मोल मला नोकरीत असताना कळलं नव्हतं, कारण पगार दर महिन्याला येतच होता.

त्या पगारामुळे माझ्या खोलीत आलेल्या जोडप्याला घाईनं बाहेर काढायची गरज मला कधी पडली नाही. दोघं परत नांदायला गेली तरी पगार तेवढाच, संमतीनं वेगळी झाली तरी तेवढाच, आणि ‘समुपदेशन निष्फळ’ असा शेरा मारून फाइल साहेबांकडे पाठवली तरी तेवढाच. माझ्या पोटाचा आणि त्यांच्या संसाराचा संबंध नव्हता. अशा खोलीत बसणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी मोकळीक असते.

मध्यस्थी केंद्रातलं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव-नाव सोडून देते. बाई शाळेत पोषण आहार शिजवायला मदतनीस, नवरा उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणारा. मुलगी सहा वर्षांची, आईजवळ. कोर्टात तीन प्रकरणं होती. त्याचा घटस्फोटाचा अर्ज, तिचा पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा. पण परत नांदायचं नाही यावर दोघांचंही एकमत होतं. एकरकमी पोटगीचा आकडा दुसऱ्याच बैठकीत जमला. दोन्हीकडचे वकील खूश झाले, संमतीच्या अटी टाईप करायला घेऊ म्हणाले.

मग तिनं पर्समधून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. तिच्या माहेरून आलेल्या वस्तूंची यादी. लोखंडी कपाट, पितळी घागर, दोन गाद्या, मिक्सर, शिलाई मशीन. नवऱ्यानं घागरीपर्यंत मान हलवली आणि मशीनपाशी अडला. “ते आई वापरती. ते मिळायचं न्हाई.” बाई म्हणाली, मग सहीच नको. ज्या माणसानं लाखांच्या रकमेला हो म्हटलं तो जुन्या मशीनवर अडून बसला, आणि जिनं चार वर्षं तारखा काढल्या तीही तेवढ्याच हट्टानं. तिच्या वकिलांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, नवीन मशीन घेऊन देतो, सोड. ती बधली नाही.

मी त्यांना वेगवेगळं बसवलं. बाईशी बोलताना कळलं, मशीन तिच्या वडिलांनी घेतलेलं. लग्नानंतर वर्षभरात ते गेले. सासूनं त्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून चार पैसे जोडले, आणि भांडणाच्या भरात कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्या बापानं काय दिलंय? तिला मशीन हवंच होतं असं नाही. वडिलांनी दिलं होतं हे त्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. नवऱ्याशी बोलताना कळलं की आईचं नाव निघालं की तो ऐकेनासा होतो. याचा अर्थ म्हातारीला बोलावल्याशिवाय पुढं सरकता येणार नव्हतं. ती पक्षकार नव्हती. तिला यायला भाग पाडता येत नव्हतं. एकदा तिचं पाऊल सुजलं, एकदा मुलाची खेप होती म्हणून आणायला कुणी नाही. मध्यस्थीला नियमानं साठ दिवस असतात, फार तर आणखी तीस. ते संपत आले होते. मी न्यायालयाला विनंती करून तारीख वाढवून घेतली.

म्हातारी आली, पदर सावरून सुनेसमोरच्या खुर्चीत बसली, आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, “मशीन हिचंच हाय. हिच्या बापानं आणलंवतं. मी कवा न्हाई म्हणलं?” सून रडायला लागली. मग म्हातारीनं नातीची चौकशी केली. शाळेत जाती का, खोकला गेला का. वीस-पंचवीस मिनिटं त्या दोघीच बोलत होत्या. नवरा आणि दोन्ही वकील गप्प. त्या बोलण्यातून आम्हाला जे इतक्या बैठकांत सुचलं नव्हतं ते निघालं. मुलीला बापाकडे पाठवायला आईची तयारी नव्हती, पण आजीकडे पाठवायला होती. दर पंधरवड्याच्या रविवारी मुलगी आजीकडे जाईल, बापानं तिथंच भेटायचं, मुलीला आणायला-पोहोचवायला मामा येईल. मशीन आजीकडेच राहिलं, सुनेच्या सांगण्यावरून, पण संमतीच्या अटींत ते ‘अर्जदार पत्नीचं स्त्रीधन’ म्हणून लिहिलं गेलं.

या प्रकरणाचा सरकारी हिशोब कसा झाला? तडजोड झाली, म्हणून वरच्या दरानं मानधन. हे सगळं पैशांपुरतं मिटलं होतं त्या दुसऱ्या बैठकीतच सह्या घेतल्या असत्या तरी मानधन तेवढंच असतं. म्हातारी येईपर्यंतच्या बैठकांना, फोनाफोनीला, साठ दिवसांनंतर घेतलेल्या तारखेला हिशोबात जागाच नव्हती. आणि म्हातारी आलीच नसती, सगळं मोडलं असतं, तर सगळ्यांत जास्त वेळ खाल्लेल्या प्रकरणाला सगळ्यांत कमी पैसे मिळाले असते. मी निवृत्तिवेतनावर जगते, मला ते परवडतं. यादीवरचे माझे बहुतेक सहकारी वकील आहेत, सकाळी स्वतःच्या प्रकरणांना उभं राहून दुपारी इथं येतात. त्यांच्यातले काही जण दुसऱ्या बैठकीला सह्या घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. दर तसा लावलाय.

सरकारचा पैसा या कामाला मिळालाच नाही, असंही नाही. तेराव्या वित्त आयोगानं २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी न्यायव्यवस्थेला पाच हजार कोटींचं अनुदान सुचवलं, त्यात पर्यायी वाद निवारण केंद्रं आणि मध्यस्थांचं प्रशिक्षण यांसाठी ७५० कोटी होते. त्यातूनच ठिकठिकाणी केंद्रांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेले मध्यस्थ तयार झाले. इमारत हवीच होती. त्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन कपाटांच्या मधल्या जागेत बसून नवरा-बायकोला बोलतं करायची वेळ अनेकांवर आली आहे. पण इमारत एकदा बांधली की संपली. माणसाचा वेळ दर महिन्याला विकत घ्यावा लागतो, आणि त्या लेखाशीर्षाखाली हात आखडतो.

काम मात्र वाढत गेलं. २०१३ साली के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वैवाहिक वादांत कौटुंबिक न्यायालयांनी मध्यस्थीचा पुरेपूर प्रयत्न करावा, आणि वाद कोर्टात येण्याआधीच मिटवण्यासाठीही मध्यस्थी केंद्रांनी सोय करावी. सल्ला योग्यच होता. घरात वाद धुमसत असतानाच माणसं आमच्याकडे आली तर निम्मी कडवटपणाची कागदपत्रं लिहिलीच जाणार नाहीत. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. २०२५ च्या जुलैपासून नव्वद दिवसांची देशव्यापी मोहीम झाली, तीत वैवाहिक प्रकरणंही घेतली. मोहिमेमुळे मध्यस्थी हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला हे मी स्वतः पाहिलं. पण चेक न वटल्याचं प्रकरण नव्वद दिवसांत मिटू शकतं म्हणून आठ वर्षं वेगळी राहिलेली माणसंही तेवढ्यात एकमेकांसमोर बसायला तयार होतील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

आता या विषयाची दुसरी बाजू, आणि मला तीच जास्त टोचते. काही प्रकरणं मिटू नयेत. म्हणजे टेबलावर मिटू नयेत. एखादी बाई हसून म्हणते, “जाते मी, काय नाय माझी तक्रार,” आणि बोलताना सारखी नवऱ्याकडे बघते. तिला एकटीला आत घ्यावं लागतं, दार लावून पाणी द्यावं लागतं, माहेरी कोण आहे, पैसे कुणाकडे असतात, हात कधी उचलला, हे हळूहळू विचारावं लागतं. कधी दंडावरची काळी-निळी खूण दिसते. अशा वेळी मध्यस्थाचं कर्तव्य एकच असतं: थांबणं. प्रकरण परत पाठवणं, संरक्षण अधिकाऱ्याकडे जायची वाट दाखवणं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे नियमसुद्धा सांगतात की समुपदेशनात मारहाणीचं समर्थन करायला नवऱ्याला मुभा द्यायची नाही. हे थांबणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत जबाबदारीचं काम आहे. आणि सरकारी दरपत्रकात त्याची नोंद होते ‘तडजोड झाली नाही’ या खालच्या दराच्या रकान्यात.

मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांबरोबर महिला आणि बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची, हा त्यामागचा विचार. पुढं राज्य सरकारनं तो कार्यक्रम आपला म्हणून स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. त्या कक्षातल्या मुलींबरोबर मी अनेकदा काम केलंय. बाईनं नवऱ्याविरुद्ध गुन्हा नोंदवायचं ठरवलं काय, घरी परत जायचं ठरवलं काय, त्यांचं मानधन बदलत नाही. म्हणून त्या बाईला तिच्या मनाप्रमाणे ठरवू देतात. सरकारचा पैसा कसा लावावा, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

आणि तो कसा लावला की काय होतं, याचंही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावागावांत समित्या झाल्या, बांधाची, वाटणीची, पाणंदीची किती भांडणं चावडीवर मिटली, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावांना लाखांत बक्षिसं मिळाली. या मोहिमेबद्दल मला आदर आहे. बांधाच्या भांडणात बक्षिसाच्या आशेनं घाई झाली तरी फार बिघडत नाही, बांध मोजता येतो. पण गावाला बक्षीस मिळायचं असेल आणि त्या आड एखाद्या सुनेची तक्रार येत असेल, तर गावातली वडीलधारी माणसं तिला काय सांगणार हे कुणालाही कळेल. “पोरी, गावाचं नाव जाईल.” असं समजावून परत पाठवलेल्या बायका पुढं माझ्या खोलीत आल्या आहेत. ज्या गावात ना समिती, ना केंद्र, तिथं जातपंचायत बसते, आणि तीही पैसे घेते, दंड म्हणून. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला तो याच अनुभवातून. घरातली भांडणं मिटवण्याचा पैसा कुठून तरी जातच असतो. तो कुणाच्या हातून आणि कशाच्या बदल्यात जातो, एवढंच आपल्या हातात असतं.

इंग्लंडमधला एक अनुभव आपल्या राज्यकर्त्यांनी वाचावा असं मला वाटतं. तिथं २०१२ च्या कायद्यानं, २०१३ च्या एप्रिलपासून, बहुतेक कौटुंबिक वादांत सरकारी खर्चानं मिळणारा वकील बंद केला. मध्यस्थीचा पैसा मात्र चालू ठेवला. वकील मिळाला नाही की लोक आपोआप मध्यस्थाकडे वळतील, हा हिशोब. झालं उलटं. सरकारी खर्चाच्या मध्यस्थीला येणारी जोडपी निम्म्याहून कमी झाली, कारण त्यांना मध्यस्थाकडे धाडणारा माणूस म्हणजे तो सरकारी खर्चाचा वकीलच होता. वाट बंद झाली आणि दार उघडं राहिलं. शेवटी २०२१ च्या मार्चपासून तिथल्या सरकारनं मुलांच्या ताब्या-भेटीच्या वादांत जोडप्याला मध्यस्थीसाठी पाचशे पौंडांपर्यंतची मदत सुरू केली. मध्यस्थाच्या खुर्चीपर्यंत माणूस कसा पोहोचतो, यावरही खर्च करावा लागतो, हे तिथं किंमत मोजून कळलं.

आमच्याकडे हा धडा एसटीनं शिकवला. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मध्यस्थीचा आणि त्या निर्णयाचा काही संबंध नव्हता. पण आमच्याकडे तालुक्यातून येणाऱ्या बायका, ज्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून तारीख बुडवायच्या, त्या यायला लागल्या. काही जणी सोबत आईला घेऊन यायला लागल्या, आणि आई बरोबर असली की बाई नवऱ्यासमोर निराळ्याच आवाजात बोलते. मध्यस्थीसाठी म्हणून काढलेल्या कुठल्याही परिपत्रकानं आमच्या खोलीत एवढा फरक पडलेला मला आठवत नाही. उलट, तडजोड झाली की न्यायालयीन शुल्क परत मिळतं ही जी सवलत आहे, ती पैशांच्या दाव्यात माणसाला मोह घालते. घटस्फोटाच्या अर्जाचं शुल्क मुळातच किरकोळ, त्याचा परतावा घ्यायला कुणी थांबत नाही.

शहरात खासगी मध्यस्थ असतात. ज्यांना परवडतं ती जोडपी त्यांच्याकडे जातात. ते बहुधा तासावर किंवा बैठकीवर फी घेतात, समेट होवो न होवो. म्हणजे पैसेवाल्यांच्या संसारासाठी वेळ विकत घेतला जातो, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाईच्या संसारासाठी सही. हे मला मान्य नाही. कायद्यानं दोघींना सारखं मानलंय. विधी सेवा कायद्याचं कलम १२ तर बाईला उत्पन्नाची अटही घालत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वैवाहिक प्रकरणात मानधन बैठकीवर द्या, तडजोडीवर नको, आणि दर दोन्हीकडे एकच ठेवा. बैठका उगाच वाढतील अशी भीती असेल तर वर मर्यादा घाला, ती तपासायला न्यायाधीश आहेतच. जिथं मारहाणीचा संशय आहे तिथं दोघांशी वेगवेगळं बोलायची पहिली बैठक सक्तीची करा आणि तिचे पैसे वेगळे द्या. संमतीच्या अटींवर सही झाल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एक बैठक ठेवा. मुलाच्या भेटीच्या अटी सहसा पहिल्या दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडतात, आणि मग तेच जोडपं नवीन अर्ज घेऊन पुन्हा कोर्टात येतं. एका बैठकीचा खर्च आणि नव्या दाव्याचा खर्च यांची तुलना वित्त विभागानं खुशाल करावी. आणि जिथं कौटुंबिक न्यायालय नाही अशा जिल्ह्यांतही पगारी समुपदेशक नेमा. आम्ही यादीवरचे मध्यस्थ त्यांच्या जोडीला राहू, त्यांच्या जागी नको.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारात असं काही चालू असेल त्यांना एवढंच सांगते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. वाद कोर्टात गेलेला नसला तरी साध्या कागदावर अर्ज करून मध्यस्थी मागता येते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. बाईला वकीलही मोफत मिळतो. आणि मध्यस्थाच्या खोलीत गेल्यावर सहीची घाई होतेय असं वाटलं, तर पुढची बैठक मागा. तो तुमचा हक्क आहे.